रस्त्याकडेचा माळा

हरभऱ्याच्या राखणीसाठी आमच्याकडे माळा दोनदा घालतात. चार मेढी पुरायच्या, त्यांवर जुनी बाज बांधायची आणि वर कडब्याची सावली करायची, एवढाच हा माळा. पहिला घालायचा पीक लहान असताना. तेव्हा सगळं शिवार हिरवं असतं, हरणांना कुठेही तोंड घालायला मिळतं, त्यामुळे तो कुठेही घातला तरी चालून जातं. दुसरा घालायचा घाटे भरल्यावर, अगदी शेवटी. तोवर शेजाऱ्यांचा शाळू काढून झालेला असतो, तुरी खळ्यावर गेलेल्या असतात, गायरानातलं गवत वाळून काड्या झालेलं असतं. आम्ही कपाशी उपटून मग हरभरा टाकतो, म्हणून आमचं रान सगळ्यांच्या मागून येतं. मार्च तोंडावर आला की त्या अख्ख्या पट्ट्यात हिरवं म्हणून आमचंच उरतं आणि जाफराबादेकडच्या माळावरचे सगळे कळप आमच्याकडे पाहुणे येतात. या दुसऱ्या माळ्याची जागा निवडायला अक्कल लागते.

हरणांचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. शहरातून कुणी आलं की बांधावर उभं राहून फोटो काढतं आणि म्हणतं, किती गोड आहेत हो. असतील. तीन महिने वाकून वाढवलेलं पीक त्यांनी एका संध्याकाळी शेंड्यापासून खुडून टाकलं की मग सांगा गोड का कडू.

माझ्या नवऱ्याला मात्र त्यांचा राग कधी आला नाही. हरीण यायच्या वेळेला येणार, त्याला काय घड्याळ विकत घेऊन द्यायचंय का, असं ते म्हणायचे. गोफण त्यांच्या हातात बसलेली होती, पण दगड कधी अंगावर मारला नाही. तो पडायचा खुरांच्या पुढे हातभर. कळप दचकायचा, वळायचा आणि उड्या मारत नाल्यात उतरायचा. मग हे त्यांच्या मागे ओरडायचे, "उद्या या रं, आज न्हाई जमलं!" त्यांचा आवाज गावापर्यंत जायचा. मला लाज वाटायची.

जागा आम्ही दोघं मिळून निवडायचो. लग्न होऊन आले त्या वर्षापासूनची ती रीत. सकाळी दव असताना बांधाबांधानं फिरायचं. खूर कुठे उमटलेत, कोणते कालचे, कोणते आजचे, ते मी बघायचे, कारण माझी नजर खाली जास्त. ते उभे राहून माती चिमटीत धरायचे, सोडायचे आणि वारा बघायचे. हरीण वाऱ्याला नाक देऊन येतं. वारा इकडून असेल तर ते तिकडून येणार. माळा त्याच्या वाटेवर घालायचा नाही, वाटेच्या जरा बाजूला घालायचा. वाटेवर घातला तर त्याला वास जातो, ते वळसा घालून भलतीकडून शिरतं आणि आपण मोकळ्या रानाची राखण करत बसतो. आमचं नेहमी भांडण व्हायचं. मी म्हणायचे या बोरीपाशी, ते म्हणायचे त्या दगडापाशी. शेवटी माळा त्यांच्या जागी पडायचा आणि हरणं माझ्या जागेवरून आली की मी आठवडाभर ऐकवायचे.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, जे जे सांगितलं ते सगळं झालं. संक्रांतीनंतर डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, घरी न्या, मागतील ते खायला द्या. मी दाराबाहेर होते. त्यांनी हळू बोललेलं मला ऐकू आलं. मागतील ते खायला द्या म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मुलगा जालन्यात नोकरीला. तो म्हणाला, आई, आता शेताचं बघू नका, हरभरा गेला तर जाऊ द्या. मीही तेच ठरवलं होतं. पण घरी आल्यावर हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. आवाज गेला होता, नुसती कुजबुज उरली होती. कुणी पाणी दिलं तर पाणी, औषध दिलं तर औषध. हातातला पेलासुद्धा त्यांच्यासाठी गावी थांबलेली सून धरायची. एका दुपारी मी पाय चेपत होते तेव्हा म्हणाले, "मला कायबी करू द्या. पण असं रिकामं नका ठिवू."

थोड्या वेळानं म्हणाले, "दुसरा माळा घातला का?"

"न्हाई."

"मंग राखण कोण करून राह्यलं?"

राखण कुणीच करत नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमचीच वाट बघून राह्यले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी बांधानं फिरले. खूर होते ते सगळे पश्चिमेच्या नाल्याकडून आलेले, ओले, ताजे, पिल्लांचेसुद्धा. माळा घालायचा तर नाल्याच्या अलीकडे, बाभळीच्या जरा बाजूला. पोरगंही सांगेल इतकं ते सरळ होतं. मी तिथे उभी राहिले आणि मनात हिशेब केला. हे बाजेवर बसणार. कळप येणार. यांना ओरडता येत नाही. गोफण फिरवायला दंडात बळ नाही. हरणं यांच्या डोळ्यांदेखत हरभरा खाणार आणि यांना कळणार, आता आपल्याच्यानं एवढंही होत नाही. ते कळल्यावर हा माणूस परत भिंतीकडे तोंड करणार, आणि मग तिथून वळणार नाही.

म्हणून मी माळा रस्त्याकडे घातला. आमच्या रानाच्या दक्षिणेला डांबरी रस्ता आहे. दिवसभर काळ्यापिवळ्या जीपा, ट्रॅक्टर, मोटारसायकली. पलीकडे पानाची टपरी, तिथे दोन भुंकणारी कुत्री. इतक्या वर्षांत त्या बाजूनं हरीण शिरलेलं मी बघितलं नव्हतं. शेजारच्या भाऊजींनी मेढी पुरून दिल्या. ते म्हणाले, "वहिनी, हितं? हितं तर कावळा बी येत न्हाई." मी म्हणाले, पुरा. माळाही उंच केला नाही, कमरेएवढाच केला, म्हणजे यांना उचलून ठेवता यावं.

दुपार कलल्यावर भाऊजींनी त्यांना गाडीवर पुढ्यात धरून आणलं. मी पाठ टेकायला गोधडी लावून ठेवली होती. ते बसले, दम खाल्ला, मग रस्त्याकडे बघितलं, नाल्याकडे बघितलं, पायाखालच्या मातीकडे बघितलं. मातीत एक खूर नव्हता. मी आधीच बोलायला लागले, की इथं सावली आहे, गाडी थेट येते, औषधाला घरी जायचं झालं तर बरं. गरजेपेक्षा जास्त बोलले.

ते म्हणाले, "बरी जागा हाय."

मी गोफण त्यांच्या मांडीवर ठेवली, चार खडे ठेवले, वाजवायला तेलाचा रिकामा डबा ठेवला. मग विळा घेतला आणि म्हणाले, गाईला गवत कापून आणते नाल्याकडून.

तेव्हापासून रोजचं तेच चाललं. ते रस्त्याकडे माळ्यावर आणि मी नाल्याच्या काठी बाभळीआड उकिडवी. सूर्य खाली आला की कळप गायरानातून यायचा. पुढे एक म्हातारी मादी, तिच्या मागे बाकीच्या, सगळ्यात मागे काळा नर, शिंगं मिरवत. मला ओरडता येत नव्हतं, ओरडले तर यांना कळेल. गोफणीचा फटकाही नको. मग मी अर्धी उठून पदर झटकायचे, ढेकूळ फेकायचे, तोंडानं नुसतं हुश्श करायचे. कोंबड्या हाकलल्यासारखं. म्हातारी मादी आधी उभी राहून माझ्याकडे बघत राहायची, हे काय नवीन, अशी. मग वळायची. पुन्हा यायची. मी पुन्हा उठायचे. या वयात गुडघे असे वाजायचे की तेवढ्यानंच हरणं पळावीत. अंधार पडायच्या आत मी चार मुठी गवत कापून माळ्याकडे यायचे.

"आलं का कुणी?" मी विचारायचे.

"एक बी न्हाई. माझ्या भेवानं येत न्हाईत."

आणि माझ्या हातातल्या गवताकडे बघून म्हणायचे, "गाईनं उपास धरला का?"

मी खोटं रागवायचे. नाल्याकडे गवतच उरलं नाही, म्हणायचे. त्यांना हसू यायचं, हसताना घसा दुखायचा, तरी हसायचे. घरी गेल्यावर सुनेला सांगायचे, आज बी राखण झाली. त्या दिवसांत ते भाताची पेज मागून घ्यायला लागले होते. एकदा दाढी करून मागितली. मुलगा रविवारी आला तेव्हा त्याला म्हणाले, हरभरा निघाला की पहिली डाळ तुझ्याकडं. मुलानं माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असेल, डॉक्टरांचं चुकलं. मलाही तसं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी तर देवापुढे तसं बोलूनही दाखवलं.

मग एक दिवस ऊन एकदम वाढलं. दुपारी वावटळी उठायला लागल्या. त्या संध्याकाळी माळ्यावरून त्यांना उतरवताना हाताला माणसाचं वजनच लागलं नाही. घरी आणलं, पेज घेतली नाही. अंग गरम होतं. मी उशाशी बसले. ते डोळे मिटून होते, मला वाटलं झोपलेत.

ते म्हणाले, "वारा फिरला."

मी म्हटलं, "हो, ऊन लागलंय."

"उंद्या नाल्याकडं नको बसू. तिकडून येनार न्हाईत आता. उगवतीकडून येतील. बोरीपशी बस, जरा अलीकडं. आन् बाभळीमागं लाल लुगडं नेसून नको बसत जाऊ, लांबून दिसतं."

हरभरा तो केवढा, गुडघ्याएवढा. त्यात ससा पळाला तरी रस्त्यावरून दिसतो. आणि मी बाई एवढी, पदर झटकत उठतेय बसतेय, ती इतके दिवस दिसत नाही असं मी धरून चालले होते. कुठून आला होता मला हा शहाणपणा?

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. "पहिल्याच दिशी. रस्त्याच्या कडंला माळा कोण घालतं का?"

मला हसू आलं आणि त्याच्या मागून रडू आलं, दोन्ही एकदमच. मी पदर तोंडात धरला, कारण शेजारच्या खोलीत सून होती. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लै पळालीस. म्या बघत व्हतो. तू म्हाताऱ्या हरणीला शिव्या देत व्हतीस, त्या बी हातवाऱ्यावरनं कळत व्हत्या."

"मंग बोलला कामून न्हाई?"

"बोललो असतो तर तू मला नेलं नसतं."

मी त्यांचा हात हातात घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरांसमोर आम्ही कधी शेजारी बसलो नाही, पण त्या वेळी मी धरून ठेवला. हात वाळलेल्या शेंगेसारखा हलका होता. मला वाटत होतं की मी या माणसाला फसवून जगवतेय. तो मला फसवू देत होता, रोज तीन तास त्या निकामी बाजेवर बसून, जीपांचा धुरळा खात, फक्त मी तिकडून गवत घेऊन येईपर्यंत.

"उंद्या नेशील ना?" त्यांनी विचारलं.

"नेते. बोरीपशीच घालते माळा. सकाळीच हलवते."

"नको. हलवू नको. रस्त्याकडंच बरा हाय. तितून तू सगळी दिसतीस."

सकाळी त्यांना उठवता आलं नाही. श्वास होता, पण हाक मारली तरी डोळे उघडेनात. दुपारी ते गेले. मुलगा जालन्याहून निघाला होता, तो पोहोचेपर्यंत माणसं जमली होती. भाऊजी, टपरीवाला, गावातले सगळे आमच्या दारात होते. संध्याकाळी आमच्या रानाच्या आजूबाजूला कुणी माणूस म्हणून नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर मी कुणाला न सांगता शेताकडे गेले. बायका नको म्हणाल्या असत्या. नाल्याकडची बाजू जशीच्या तशी होती. मी उगवतीकडे चालत गेले. बोरीच्या जरा अलीकडे, ते म्हणाले होते बरोबर तिथून, कळप आत शिरला होता. माती खुरांनी नुसती तुडवलेली आणि सात-आठ ओळी घाट्यांसकट खुडलेल्या. त्यांचं बरोबर निघालं होतं. मी ते त्यांना सांगायला म्हणून रस्त्याकडे वळले, चार पावलं चालले, आणि मग उभी राहिले.