द्वारकेतले बीम

आमच्या ऑफिसात कॅल्क्युलेशन्स जातात फायलीत आणि किस्से जातात चहात. फायली कोणी उघडत नाही, चहा मात्र रोज होतो. मग पाठ काय झालं असेल, सांगा!

दिल्लीच्या द्वारकेत तीन खुर्च्यांचं ऑफिस. पटवर्धन सर, उदगीरची फरजाना आणि मी. वजनाने बीम वाकतो तेव्हा त्याच्यात किती ताण येतो, म्हणजे बेंडिंग स्ट्रेस, तो काढायचा आणि 'चालेल' किंवा 'नाही चालणार' सांगायचं. बस्स, एवढाच धंदा.

*

एका शोरूमवाल्याला छत उंच हवं होतं. "बीम की ऊंचाई आधी कर दो।"

सर म्हणाले, "स्ट्रेस चौपट होईल."

"तो चार बीम लगा दो!"

स्ट्रेसपुरतं उत्तर बरोबर होतं ना! बीम झुकेल किती, हा धडा पुढच्या मीटिंगला घेतला.

*

एका ठेकेदाराने लोखंडी बीम चक्क कुशीवर झोपवून बसवला. "खड़ा रखते तो लुढ़क जाता, सर!"

सरांनी खिशातून प्लास्टिकची पट्टी काढली. सपाट धरली, वाकली. कडेवर उभी धरली, वाकेना.

ठेकेदाराने पट्टी हातात घेऊन नीट निरखली.

"लोकल है, सर."

*

फरजाना नवी होती तेव्हा तिने मिलिमीटरच्या जागी मीटर घातले. स्ट्रेसचा आकडा स्क्रीनवर मावेना!

सर म्हणाले, "हा बीम अजून उभा आहे?"

"ड्रॉइंगमध्ये तरी आहे, सर."

*

आणि सबनीस काका. सगळी नोकरी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये काढली. काकूंना झोपाळा हवा होता, पण सरकारी छताला हात लावायची चोरी. "रिटायर झाल्यावर बघू," हे काकांचं ठरलेलं. आता द्वारकेत स्वतःचा फ्लॅट झाला, काकूंनी कड्याही आणल्या, तर काका म्हणाले, "बीम पडेल!"

काकू म्हणाल्या, "इंजिनिअरला विचारा. ते नाही म्हणाले, तर पुन्हा नाव काढणार नाही."

सर आणि मी बीम बघायला गेलो, तर लिफ्टमध्येच काकांनी मला गाठलं. "नाही म्हणून टाका ना यार! हॉलमध्ये चालायला जागा उरायची नाही."

सरांनी बीम मापला, कॅल्क्युलेटर काढला. "किती जण बसणार?"

"मी एकटीच," काकू म्हणाल्या. "यांना कुठे हवाय!" आणि कड्या पुन्हा पेपरात गुंडाळायला लागल्या. मला खरंच वाईट वाटलं.

काका बराच वेळ बीमकडे बघत होते. मग घसा खाकरून म्हणाले,

"सर, दोघांचं धरा."