उशिरा आलेल्यांची भिंत

आमची शाळा नावापुरती इंग्लिश. शिकवणं मराठीत आणि छड्या दोन्ही भाषांत. पेठेतली ही शाळा नेमकी किती जुनी, यावर माजी विद्यार्थ्यांचं एकमत नाही. मला विचाराल तर मुठा नदी मुळात शाळेच्या आवारातूनच वाहणार होती. पण तिला यायला उशीर झाला, फाटक बंद दिसलं, म्हणून वळसा घालून गेली.

फाटकाचा नियमच तसा. प्रार्थनेचा पहिला शब्द निघाला की फाटक बंद. उशिरा आलेल्यांनी बाहेरच्या काळ्या दगडी भिंतीपाशी उभं राहायचं. प्रार्थना संपली की कुणीतरी मोठं माणूस बाहेर येणार आणि सगळ्यांदेखत कारण विचारणार. पटलं तर आत, नाही तर घरी. साहेबाच्या राज्यात एक तपासनीससुद्धा असाच उन्हात उभा राहिला होता म्हणतात. मी सांगतो तेव्हा तो गव्हर्नर असतो. ऐकणारा मुंबईचा असेल तर व्हाइसरॉय. न्यायाधीश, सर्जन, आमदार आणि येरवड्याला सरकारी पाहुणचार घेऊन आलेले दोघेतिघे, सगळे त्या भिंतीला पाठ घासूनच मोठे झाले. माझ्या पाठीची तर तिथे खोबण पडली आहे.

आमच्या वेळी कारणं ऐकायला सर यायचे. किडकिडीत अंग, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा कोट, आणि तोंडावर माशी बसली तरी तिनेच संकोचून उठावं असा चेहरा. एकदा मी त्यांना सांगितलं, येरवड्याचा कैदी पळाला होता, त्याला रस्ता दाखवत होतो. एकदा सांगितलं, खडकवासल्याचं पाणी सोडलं आणि आमच्या दारात मगर आली.

"मगर आता कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"गेली, सर."

"मग तिच्यामागोमाग तूही जा."

गेल्या वर्षी शाळेचा वर्धापनदिन होता. सर नव्वदीला टेकलेले, वारज्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच. त्याच आठवड्यात मुलगी त्यांना कायमचं बंगळूरला नेणार होती. जाण्यापूर्वी एकदा प्रार्थनेच्या वेळी व्यासपीठावर आपल्या जुन्या जागी उभं राहायचं, एवढंच त्यांनी मागितलं होतं. त्यांना घेऊन यायचं काम समितीने माझ्यावर सोपवलं. शाळेत शहाणपण शिकवत नसत, याचा दुसरा पुरावा नको.

मी पोचलो तेव्हा सर आरशासमोर होते. तोच कोट. पहिलं बटण लागलं होतं, दुसरं हातातून निसटत होतं. हात असे थरथरत होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते आणि सर नुसते सांभाळत होते.

"सर, लावून देऊ?"

"तू तुझी बघ."

माझ्या टी-शर्टला बटणंच नव्हती. मी खुर्चीवर बसलो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न केला. एक बटण काजात शिरायचं, अर्ध्यातून परत यायचं. सर पुन्हा वरून सुरुवात करायचे. चहावर साय धरली. शेवटी ते म्हणाले, "चल." तिसरं बटण चौथ्या काजात गेलं होतं. सांगायची हिंमत झाली नाही.

कर्वेनगरच्या पुढे गाड्या अशा अडकल्या होत्या, की शेजारच्या रिक्षातल्या दोघांची ओळख होऊन, लग्न ठरून, मोडलंही असतं. सर समोर बघत होते. हात मांडीखाली दाबून ठेवलेले.

"प्रार्थना सुरू होईल," ते म्हणाले. "मग कारण विचारतील."

"ट्रॅफिक सांगू, सर."

"ट्रॅफिक मला कधी पटलंय? आपण निघालोच उशिरा. का निघालो, ते सांगावं लागेल. सगळ्यांदेखत." थोडं थांबून म्हणाले, "तू गाडी वळव."

"मुख्याध्यापिकाबाईंना फोन करतो ना. पाच मिनिटं थांबतील."

"फोन खिशात ठेव. शाळा माझ्यासाठी थांबायला लागली, तर मी तिथे काय शिकवलं?"

मी गाडी वळवली नाही. वळवायला मुंगीएवढीही जागा नव्हती, म्हणून तो माझा बाणेदारपणा समजू नये.

पोचलो तेव्हा आतून प्रार्थनेचे सूर येत होते. फाटक बंद. भिंतीपाशी आमच्याच वर्गातला एक बिल्डर घाम पुसत होता.

"सर! तुम्ही बाहेर? थांबा, फाटक उघडायला लावतो. अहो, ह्या भिंतीच्या डागडुजीला सिमेंट माझं आहे!"

"म्हणून सांगतो, भिंतीला टेकू नकोस," सर म्हणाले आणि रांगेत उभे राहिले.

प्रार्थना संपली. अडसर सरकला. मुख्याध्यापिकाबाई बाहेर आल्या. त्याही सरांच्याच हाताखाली शिकलेल्या. मागे माजी विद्यार्थ्यांची गर्दी, काहींचे मोबाईल वर धरलेले.

बिल्डर म्हणाला, "पार्किंग मिळेना."

"रिक्षा मिळत होती," बाई म्हणाल्या. तो गेला कामातून.

मग त्या सरांसमोर आल्या. त्यांची नजर कोटावर गेली, त्या तिरक्या बटणावर थांबली. 'सर, आपल्याला कसलं कारण, या ना' असं त्या म्हणाल्या असत्या, तर सर तिथूनच परत फिरले असते. आणि विचारलं, तर?

बाईंनी नजर वर घेतली. "उशिराचं कारण?"

सरांनी हात पाठीमागे नेले.

"येरवड्याचा एक कैदी पळाला होता," ते म्हणाले. "त्याला रस्ता दाखवत होतो."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"सापडला का?"

"हा काय." सरांनी माझ्याकडे मान वळवली. "हजर केलाय."

"पटलं. आत या, सर." मग माझ्याकडे वळून, "आणि आपलं?"

माझं कारण सरांनी वापरून टाकलं होतं. "मगर," मी म्हणालो.

"घरी जा."

फाटक लागलं. आत थोडी कुजबुज झाली, पावलं वाजली, आणि मग तीच प्रार्थना पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू झाली. ती दोनदा म्हणू नये, असं नियमात कुठेच नाही. मी माझ्या खोबणीला पाठ लावून ऐकत राहिलो. बिल्डर मात्र भिंतीपासून वीतभर लांब उभा होता, धुमसत.

"कैदी पळाला, हे बाईंना पटतं. आणि माझं पार्किंग पटत नाही?"

"तुझं खरं होतं ना," मी म्हणालो.