हात लावायची मुभा

संग्रहालयाचे पहारेकरीकाका एकवीस वर्षं दिवसभर एकच वाक्य बोलत आले होते, "हात लावू नका." बायको गेल्यापासून घरी तर तोंड उघडायलाही कारण उरलं नव्हतं.

त्या दुपारी शिल्पांच्या दालनात अंध श्रोत्यांसाठी पियानोवादन होतं. प्रत्येक रचना एकेका शिल्पावर बेतलेली होती आणि ऐकताना ते शिल्प चाचपायची मुभा होती. एका आजींचा हात चुकून काकांच्या मनगटावर पडला.

"अगंबाई, हा पुतळा तर कोमट आहे!"

"मी पहारेकरी, आजी."

"मग उभे का? बसा की इथे."

हात न सोडताच त्यांनी काकांना शेजारी बसवलं. पियानो थांबेपर्यंत काकांनी मनगट हलवलं नाही. मग आजींना न्यायला त्यांची लेक आली, आणि काका खुर्च्या आवरायला उठले.