फोर बाय फोर की फ्रंट व्हील? नांदेड–निलंगा–किनवट, दोन गाड्या आणि माझी बढती

गेले दोन महिने आमच्या घरात सकाळच्या चहापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत एकच विषय होता. एसयूव्ही घ्यायची हे नक्की. पण चारही चाकांना जोर देणारी फोर बाय फोर घ्यायची, की पुढची दोन चाकं गाडी ओढतात ती साधी फ्रंट व्हील? आमचे मिलिंदराव फोर बाय फोरवर अडून बसलेले. नोकरी पाटबंधारे खात्यात, पण गाड्यांचे व्हिडिओ बघण्यात त्यांची पीएचडी झालेली आहे. मी फ्रंट व्हीलवर ठाम.

बाहेरच्याला वाटावं, काय हे श्रीमंतांचे चोचले! पण खरी गोष्ट वेगळी होती. मला बढती आली होती. किनवट तालुक्यातल्या एका सरकारी निवासी शाळेत मुख्याध्यापिका. आठवडाभर तिथं राहायचं, शनिवारी नांदेडला घरी. एसटी मोठ्या रस्त्यावर सोडते, पुढचा रस्ता जंगलातून, म्हणजे गाडी पाहिजे आणि ती मी चालवायची. मिलिंदरावांचं म्हणणं, "त्या रस्त्याला फोर बाय फोरच लागते. ती आत्ता आपल्याला झेपत नाही. दोन वर्षं थांबू." आता बढती कुठं दोन वर्षं थांबते का? फोर बाय फोर म्हटलं की माझी बढती गेली, इतकं ते सरळ होतं. आमच्या अख्ख्या खानदानात मुख्याध्यापिका होणारी मी पहिली. मग मी पण हट्टाला पेटले.

होकार की नकार, ते सोमवारी कळवायचं होतं. मध्ये दसऱ्याच्या सुट्या लागून आल्या. म्हटलं, तोंडाची वाफ पुरे झाली, दोन्ही गाड्या रस्त्यावर काढू आणि बघू. आम्हाला घ्यायची होती तीच फ्रंट व्हील गाडी शेजारच्या वंदनाकडं आहे. बिचारीनं चावी काढून दिली, वर म्हणाली, "खरचटली तरी चालंल, पण वास येणारं काही सांडू नका." फोर बाय फोर होती निलंग्याच्या दाजींकडं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. बोअर आणि पाइपलाइनची कंत्राटं घेणारे गुत्तेदार, मनानं मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे.

पहिला दिवस: नांदेड ते निलंगा

लेकीला सासूबाईंजवळ ठेवून सकाळी निघालो. लोहा, अहमदपूर करत लातूरचा रस्ता आता चांगला झालाय. फक्त या दिवसांत एक ध्यानात ठेवा: निम्म्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं, कडेला दगड मांडून. त्यावरून चाक गेलं तर गाडी घसरते आणि वर शिव्याही पडतात. स्टेअरिंग माझ्याकडं होतं. मिलिंदरावांनी बाजूच्या सीटवर बसून माझ्याइतकेच ब्रेक दाबले.

"अहो, तुमच्या पायाखाली ब्रेक नाहीये."

"सवय आहे," म्हणाले आणि पुन्हा दाबला.

लातुरात गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. नाव निलंग्याचं असलं तरी लातूरकर तो आपलाच समजतात. तिखट, वर शेंगदाणे, चाळीस रुपयांत पोट भरतं आणि नाक वाहतं. औसा सोडल्यावर वाकडी वाट करून खरोशाची लेणी बघितली. डोंगराचा चढ गाडी काही न बोलता चढली. मी मिलिंदरावांकडं बघितलं, तर ते मन लावून खिडकीतून बाहेर बघत होते.

निलंग्यात दाजी दारातच उभे. "जयभीम, या या! मेव्हणीबाई, असली खेळणी घेऊन जंगलात चाललाव व्हय? ही बघा आमची. गाडी न्हाई, रेडा हाय रेडा!" चहासुद्धा पिऊ न देता आम्हाला रेड्यावर बसवलं आणि ओढ्यातनं, दगडातनं, बांधावरनं फिरवून आणलं. खोटं कशाला बोलू, लई मजा आली. खोल चारीतनं गाडी अशी वर आली की मी टाळ्या वाजवल्या. मिलिंदरावांचा चेहरा तर मुंज्याला लग्न ठरल्याचं कळावं तसा! मग मी चालवायला बसले. क्लच दाबायला अर्धी सीट सोडून खाली सरकावं लागलं आणि समोरचं बॉनेट संपता संपेना. आक्का मागून म्हणाली, "सुजे, तू दिसतच न्हाईस गं त्याच्यात." सगळे हसले. मी पण हसले, पण आतून जरा खचले होते. ही घेतली तर चालवणार मिलिंदरावच, म्हणजे मी कायमची बाजूच्या सीटवर.

दुसरा दिवस: निलंगा ते नांदेड

आक्काच्या हातचे धपाटे आणि दही बांधून दोन्ही गाड्या निघाल्या. रेड्यात दोघे पुरुष, माझ्या गाडीत आक्का. ही वाटणी कुणी केली नाही, आपोआप झाली. डांबरी रस्त्यावर फरक फक्त पंपावर कळला. माझ्या गाडीला लिटरमागं चौदा-पंधरा मिळत होते, दाजींच्या रेड्याला दहासुद्धा मिळवताना दम लागत होता. "जनावर मोठं तर वैरण बी मोठी," दाजी म्हणाले आणि बिल दोनदा वाचून पैसे दिले. रात्री गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये जेवलो. डाळ-रोटीची ती चव घरी कितीही घोटा, येत नाही.

रात्रभर पाऊस पडला. सकाळी मिलिंदराव खिडकीत उभे राहून इतक्या खुशीत आभाळ बघत होते की मला रागच आला.

तिसरा दिवस: किनवट

मुदखेडला रेल्वे फाटक लागतंच लागतं, तेवढ्यात फाटकाशीच झेंडूचे हार घेतले आणि दोन्ही गाड्यांना घातले. भोकरला चहा-भजी. हिमायतनगरच्या पुढं रान बदलतं. कापूस, मग सागवान, मग नुसता हिरवा अंधार. खिडक्या उघड्या ठेवा, एसी लावलात तर पाप लागेल. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा धबधबा आहे, पाणी भरपूर होतं, पण मोबाइल आणि पोरं दोन्ही घट्ट धरून ठेवा.

मोठा रस्ता सोडून शाळेच्या रस्त्याला लागलो. एकच गाडी जाईल इतका तो रस्ता, दोन्ही बाजूंना काळं रान. आणि ऐन मध्ये मळणी यंत्र उभं! ट्रॅक्टरला जोडलेलं, भुश्शाचा धूर, चार माणसं ताडपत्रीखालच्या सोयाबीनची रास खाली ओढताहेत.

"अर्धा तास लागंल," मळणीवाला ओरडला. "आम्ही उरकूनच राहिलो!"

मी गाडी बंद केली. दाजींना कुठला दम? त्यांनी काच खाली घेतली. "अर्धा तास? फोर बाय फोर कशाला घेतलीय मग? बाजूच्या रानातनं काढतो!"

आक्का पायात चप्पल न घालताच खाली उतरली. "अहो, वाफसा न्हाई रानाला! रातभर पडलाय! घालू नका!"

आम्ही दोघी बहिणी शेतकऱ्याच्या लेकी. पावसानंतर जमीन पाय ठेवण्याजोगी होते त्याला वाफसा म्हणतात, आणि वाफसा नसताना काळ्या रानात बैलसुद्धा घालत नाहीत, हे आम्हाला बाळकडूतनं मिळालंय. दाजींनाही मिळालं होतं. चार चाकांना जोर आला आणि ते विसरले! मिलिंदराव शेजारी बसून "जाईल, जाईल" म्हणत होते.

गेली. पंधरा-वीस पावलं गेली. मग काळी चिकण माती चाकांत अशी भरली की नक्षी बुजून चाकं गुळाच्या ढेपीसारखी दिसायला लागली. चारही फिरत होती, चारही एकाच जागी. दाजींनी आणखी जोर दिला, तशी गाडी आणखी खाली बसली. शेवटी पोट टेकलं.

"आता?" मिलिंदराव दार उघडून उतरले आणि घोट्यापर्यंत गेले. बूट तिथंच राहिला.

आक्कानं कपाळाला हात लावला. "रेडा चिखलात बसला की उठतो का लवकर?"

मळणीवाला हसून हसून खाली बसला. ओढून काढतो म्हणाला, पण रास झाल्याशिवाय ट्रॅक्टर सुटणार नाही. त्यानं यंत्र पुढच्या रुंद जागेपर्यंत सरकवलं, तेवढी माझी गाडी निघाली. मिलिंदराव चिखलातून ओरडले, "सुजाता, थांब! एकटी नको जाऊ!"

"एकटी कुठं, आक्का आहे," म्हटलं आणि गिअर टाकला.

आता फ्रंट व्हीलचीही लाज झाकत नाही. शाळेच्या खाली ओल्या मुरमाचा एक चढ आहे. गाडी निम्म्यावर गेली आणि पुढची चाकं नुसतीच गरगरली. चढावर वजन मागं जातं, पुढची चाकं हलकी पडतात. दाजींची गाडी हा चढ सहज चढली असती, शंकाच नाही. मी सावकाश मागं घेतली, पुन्हा चढवली, पुन्हा तेच. म्हटलं, झालं, मिलिंदराव जिंकले.

आक्का म्हणाली, "शाळा कुठाय गं?"

"ती काय, वर."

"मग पाय मोडलेत का तुझे? लाव की इथं झाडाखाली."

दोन महिने आम्ही नवरा-बायको गाडी शाळेच्या दारात कशी न्यायची यावर भांडत होतो. मोहाच्या झाडाखाली गाडी लावली आणि चालत वर गेलो. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

वर व्हरांड्यात पोरी बसल्या होत्या. सुटीतही घरी न गेलेल्या, ओल्या केसांच्या, एकमेकींच्या वेण्या घालत. आम्हाला बघून उठल्या. त्यातली एक धीट पुढं आली. "गाडी तुम्हीच चालवत आणली?"

"हो."

"तुम्ही आमच्या नव्या मॅडम आहात?"

मी सोमवारी ठरवणार होते. घरी बोलून, शांतपणे. पण तोंडातनं आलं ते आलं. "हो." पोरी लाजून हसल्या आणि एकीनं मला बसायला स्वतःची चटई झटकून दिली. माझे डोळे भरून आले. आक्कानं बघितलं आणि उगाच पोरींना त्यांची नावं विचारायला लागली.

खाली आलो तेव्हा ट्रॅक्टरनं रेडा बाहेर काढला होता. दाजी दोरी गुंडाळत म्हणाले, "गाडीची चूक न्हाई ओ. टायर साधं हाय." आक्का नुसती "हाव" म्हणाली, म्हणजे हो. त्या "हाव"पुढं दाजींनी गुंडाळलेली दोरी सोडून पुन्हा गुंडाळली.

परतताना मिलिंदराव माझ्या गाडीत बसले. वंदनाची मॅट खराब नको म्हणून पाय वर्तमानपत्रावर ठेवून, एका पायात बूट. बराच वेळ ब्रेक दाबले नाहीत. मी म्हटलं, "मी हो म्हणून आलेय."

"वाटलंच होतं." मग सागवान संपेपर्यंत पायाचा चिखल खरवडत राहिले. मग म्हणाले, "सुजाता, मला रस्त्याची भीती नव्हती."

"मग?"

"तू तिथं रमशील ह्याची होती. मी ऑफिसातनं येणार आणि घरात तू नसणार. मला नाही जमायचं ते, असं वाटत होतं."

"अहो, मग असं सांगायचं ना! दोन महिने फोर बाय फोरच्या आड काय लपलात?"

"सांगितलं असतं तर तू नकार दिला असतास."

हे खरं होतं. मी दिला असता. म्हणून हा माणूस माझ्याशी गाडीवरनं भांडत बसला, आणि मनातलं बोलला नाही. मला हसू पण आलं आणि रडू पण आलं, आणि समोर सोयाबीन वाळत घातलेलं असल्यामुळं दोन्ही आवरावं लागलं.

घरी आल्यावर

तुम्ही कुठली घ्यावी? रोज शेतात, खाणीत, ओढ्यात जायचं असेल तर फोर बाय फोर घ्या, पण चांगल्या टायरसकट. खड्डे आणि कच्चा रस्ता एवढंच असेल तर गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे ते आधी बघा, चाकांचा जोर नंतर. वर्षाचे दहा-बारा दिवस अडणार असाल तर त्या दिवशी थांबा, किंवा खाली उतरून चाला. काळ्या रानात पाऊस पडल्यावर कुठलीच घालू नका. आणि जी बाई चालवणार आहे तिचा पाय क्लचपर्यंत पोचतो का, हे व्हिडिओत सांगत नाहीत. आम्ही फ्रंट व्हील घेतली.

मी रुजू झाले. पहिल्या शनिवारी निघाले तर भोकरपासून पाऊस. मुदखेडला फाटक, नांदेडात शिरताना गर्दी, घराच्या गल्लीत वळेपर्यंत दिवे लागले होते. अंगणात पाणी साचलं होतं, कुंड्या भरून वाहत होत्या. आणि मिलिंदराव भर पावसात, रस्त्याकडं बघत, फाटकाशी उभे राहून, हातात पाइप धरून, झाडांना पाणी घालत होते.