एकेचाळीस अंगठे आणि हळदकुंकवाचं बोट

देवाशी माझं पंधरा वर्षं बोलणं बंद होतं. मी नास्तिक झाले होते असं नाही. नास्तिक माणूस निदान शांत तरी असतो. मी रुसले होते. आई संध्याकाळी देवापुढे दिवा लावायची आणि मी त्याच खोलीत मुद्दाम देवाकडे पाठ फिरवून पेपर वाचत बसायचे. आई म्हणायची, "तोंड फिरवून बसली तरी घर त्याचंच आहे वं." मी आणखी मोठ्याने पान उलटायचे. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला शोभणारं वागणं नव्हतं ते, पण खरं तेच लिहायला बसले आहे, तर हेही लिहायलाच हवं.

रुसण्याचं कारण मात्र लहान नव्हतं. मी पत्रकार. नागपूरच्या एका दैनिकात बरीच वर्षं काढली, मग नोकरी सोडून पुस्तकं लिहू लागले. एकदा एका लेखासाठी गडचिरोलीकडच्या बंगाली वस्तीत गेले. एकाहत्तरच्या युद्धात सरहद्दीपलीकडून जीव घेऊन पळालेली आणि इकडे जंगलाच्या कडेला वसवलेली माणसं ती. मला लिहायचं होतं त्यांच्या तळ्यांवर आणि मासेमारीवर. शेफालीदी नावाच्या बाईने मला गरम मासा तळून वाढला आणि पदराला हात पुसत सांगितलं की, ती सतरा वर्षांची असताना एका दुपारी शिपाई गावात आले, त्यांनी पुरुषांना नदीकाठी रांगेत उभं केलं, आणि त्या रांगेत तिचे वडील आणि दोन भाऊ होते. मासा माझ्या ताटात तसाच राहिला. मी रात्रभर त्याच गावात थांबले आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी गेले, मग त्याच्या शेजारच्या.

शिपायाने शिपायाला मारलं तर त्याला लढाई म्हणता येतं. शेतातून जेवायला घरी आलेल्या माणसांना रांगेत उभं करून मारणं हा गुन्हा आहे, युद्धगुन्हा, आणि तो जुना झाला म्हणून माफ होत नाही, एवढंच मी तेव्हापासून लिहीत आले. एकेचाळीस माणसांच्या जबान्या घेतल्या. माझ्या हाताने लिहिल्या, त्यांना वाचून दाखवल्या आणि प्रत्येकीखाली शाईचा अंगठा घेतला. त्यावर पुस्तक लिहिलं, अर्ज केले, जमेल त्या सभेत बोलले. नागपुरातले ओळखीचे लोक विचारायचे, "काहून वं बाई, गाडलेली मढी उकरून राहिली?" मी म्हणायचे, "त्यांना कोणी गाडलंच नाही, तेच तर सांगते आहे." यानंतर सहसा कोणी चहा विचारत नसे.

आणि याच काळात मी देवाला विचारलं होतं की, त्या दुपारी तू कुठे होतास? उत्तर आलं नाही, म्हणून मी अबोला धरला. गंमत अशी की जिच्यावर हे गुदरलं त्या शेफालीदीचं त्याच्याशी काही भांडणच नव्हतं. ती रोज सकाळी तिच्या ठाकुराला, म्हणजे देव्हाऱ्यातल्या देवाला, जास्वंदीचं फूल वाहायची. एकदा मी चिडून तिला विचारलंच. ती म्हणाली, "ठाकुर ने सब देखा, इसलिए तो तेरे को भेजा. तू लिख." मग अंगठा माझ्यापुढे धरून म्हणाली, "इसको संभालना, बाई. मेरे पास बाप का फोटो भी नहीं. बस ये अंगूठा है." मी तिला शब्द दिला. त्या एकेचाळीस जणांपैकी निम्मे तर आता राहिलेही नाहीत.

मागच्या वर्षी परदेशातल्या एका चौकशी मंडळाने माझ्या पत्राला उत्तर दिलं. त्यांच्या वकीलबाई भारतात येणार होत्या, नागपुरात एक दिवस थांबणार होत्या, आणि त्यांना मूळ कागद हवे होते. झेरॉक्स नको, मोबाइलमधले फोटो नकोत; ज्या कागदाला शाई लागली तोच कागद. गुरुवारी रामदासपेठेत त्यांच्या ओळखीच्या वकिलांच्या ऑफिसात दोन वाजेपर्यंत कागद पोचवायचे, चारला त्यांचं विमान. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी कागद मागितले होते. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

आता आमच्या घराची गोष्ट सांगते, कारण चूक तिथून सुरू झाली, आणि अशी चूक फक्त कोष्ट्यांच्याच घरात होऊ शकते. आमच्या वडिलांचा माग बंद पडून जमाना झाला, पण धाकटा भाऊ बंडू गांधीबागेत कापडाचा ठोक व्यापार करतो. त्या आठवड्यात घरी रंगकाम चाललं होतं. डबे, ब्रश, पाण्याच्या बादल्या. मी ठरवलं, कागद बंडूच्या दुकानातल्या लोखंडी कपाटात राहू देत. आई म्हणाली, दे इकडे, मी बांधते. तिने कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळले, वरून मांजरपाट घेतलं, दाभण आणि सुतळी काढली, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी कापडाच्या गठ्ठ्यासारखी अशी झकास गाठ शिवली की गांधीबागेत कोणीही हसत विकत घेतली असती. मग देवघरातून करंडा आणून तिने गाठीला हळदकुंकवाचं बोट लावलं. माग होता तेव्हा विणलेलं लुगडं बाजारात जाण्याआधी आमच्याकडे हे बोट लागायचं. मी वैतागले. म्हटलं, "आई, हे कोर्टाचे कागद आहेत, लुगडी नाहीत." आई म्हणाली, "घरातून जाऊन राहिलं ना? मग!" मी कपाळाला हात लावला आणि गाठ बंडूच्या हवाली केली.

गुरुवारी सकाळी साडेनऊला बंडूचा फोन आला. "ताई, ओरडू नको. आधी बस." मी म्हटलं, बसलेलीच आहे. "मग उठ, अन् लवकर ये." झालं होतं असं की, बंडूने गाठ कपाटात ठेवायच्या आधी गादीवर ठेवली, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, गप्पा रंगल्या आणि गाठ तिथेच राहिली. बुधवारी दुपारी रायपूरच्या बारा गाठी निघाल्या तेव्हा हमालाने हीसुद्धा उचलली. त्या बिचाऱ्याची तरी काय चूक! मांजरपाट तेच, सुतळी तीच, टाकासुद्धा आमच्याच घराण्याचा. माझे एकेचाळीस अंगठे लुगड्यांबरोबर वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात गेले होते.

बंडूच्या मोपेडवर मागे बसून मी अमरावती रोडने वाडीला निघाले. दोन्ही बाजूंना ट्रक, मध्ये आम्ही बहीणभाऊ, आणि मी रस्ताभर बंडूच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. तो म्हणाला, "मार, पण हँडल हलवू नको." गोदामाच्या ऑफिसातल्या कारकुनाने रजिस्टर उघडलं. "बाई, रायपूरची गाडी पहाटेच गेली. ड्रायव्हरचा फोन बंद येऊन राहिला. अन् तेरावी गाठ इथं आलीच नाही. हे पाहा, बाराच लिहिल्या आहेत." मी त्याच्याशी भांडले. कागदावर नाही म्हणजे घडलंच नाही, असं समजू नका, हेच वाक्य मी पंधरा वर्षं सभांमधून सांगत आले होते. तो म्हणाला, "आमचं काम कागदावरच चालते."

मी बाहेर आले. आवाराच्या कोपऱ्यात कडुनिंबाखाली ट्रकवाल्यांचा एक लहानसा मारुती आहे. नुकताच शेंदूर लावलेला, गळ्यात रुईची माळ. मी चपला काढून त्याच्या ओट्यावर बसले. भक्ती वगैरे काही नव्हती, बसायला दुसरी जागाच नव्हती. आणि बसल्यावर मला रडू फुटलं. शेफालीदीला काय सांगू? तुझ्या बापाची एवढी एकच खूण होती आणि ती मी लुगड्यांच्या गाडीत घालवली, हे कोणत्या तोंडाने सांगू? वकील, पुस्तक, माझं नाव, यातलं काही तेव्हा मनात नव्हतं. फक्त तो पुढे धरलेला अंगठा दिसत होता.

मी मोठ्याने बोलले. पंधरा वर्षांनी. म्हटलं, "मारुतीराया, माझं डोकं संपलं. हे सगळं माझ्या जिवावर चाललं आहे असं मी समजत होते. नाही चाललं. ती माणसं तुझी, त्यांची दुःखं तुझी, कागदही तुझेच. ठेवायचे तर ठेव, नाहीतर बुडव. मी हरले." बंडू शेजारी उभा राहून कानात पुटपुटत होता, "ताई, लोकं पाहून राहिले वं." पाहू देत म्हटलं. एवढं रडल्यावर छातीवरचा दगड हलला, हे मला चांगलं आठवतं. गाठ सापडली नव्हती, सापडेल असंही वाटत नव्हतं, तरी हलकं वाटलं होतं.

तेवढ्यात पांढऱ्या दाढीचे एक चाचा चहाचा ग्लास घेऊन आले. गोदामातल्या हमालांचे ते मुकादम. मला म्हणाले, "बाई, जरा पुढं सरकून बसा. मांगं कोणाच्या तरी घरचं सामान ठेवलं आहे, पाय लागन." मी वळून पाहिलं. मारुतीच्या मागे, भिंतीला टेकून, एका धुतलेल्या पोत्यावर आईने शिवलेली गाठ होती. पिवळं-लाल बोट वर, माझ्याकडे. मी ती उराशी धरली आणि हसायला लागले, आणि बंडू, जो इतका वेळ मला गप्प करत होता, तो ढसाढसा रडायला लागला.

चाचांनी आम्हा दोघांना चहा पाजला आणि सगळं सांगितलं. "आमच्या अब्बाचा मोमिनपुऱ्यात माग होता. कोष्ट्याइच्या घरची गाठ मी हात लावला का ओळखतो. गाडी भरताना पाहिलं, हिच्यावर ना नंबर, ना मार्का, अन् कुंकू लावेल. कुंकवाची गाठ वजनाखाली दाबत नाही, बाई. मनलं, कोण्या लेकीचं असन. बाजूले काढली. इथं कोणी चपला घालून येत नाही, म्हणून इथं ठेवली." मी विचारलं, चाचा, ऑफिसात कळवलं काहून नाही? ते म्हणाले, "काय कळवू? नाव कुठं आहे तिच्यावर? ज्याची असन तो येईन रडत. आले ना तुम्ही!" मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते दोन पावलं मागे सरले. "माझ्या काय पाया पडता? ज्याच्या दारी बसल्या त्याच्या पडा."

मग पडले. ओट्यावर डोकं टेकलं आणि मनात म्हटलं, त्या दुपारचा प्रश्न मी मागे घेतलेला नाही. तो रोज विचारीन. पण आता बोलून विचारीन.

दीड वाजता आम्ही रामदासपेठेत होतो. वकीलबाईंनी टाके उसवून एकेक कागद पाहिला, मोजला, पोच लिहून दिली. शेफालीदीचा कागद सातवा होता. शाई जरा फिकी झाली होती, पण अंगठ्याच्या रेषा स्पष्ट होत्या. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ती चमत्कार-चमत्कार करून गल्ली जमवील. ती एवढंच म्हणाली, "मांजरपाट परत आणलं ना?" आणलं होतं. तिने ते धुऊन घडी घालून ठेवलं. चमत्कार की योगायोग, हे मला कोणी विचारलं तर मी वाद घालत नाही. एका म्हातारीने रीत पाळली, दुसऱ्या घरच्या म्हाताऱ्याने ती ओळखली, आणि या सगळ्यात जिची अक्कल कामी आली नाही अशी एकटी मीच होते. संध्याकाळी दिव्यापुढे मी आईच्या शेजारी बसले. तिने थोडं सरकून जागा दिली.

मंडळाने शेफालीदीची साक्ष प्रत्यक्ष ऐकायचं ठरवलं आणि परवाचा दिवस दिला. त्याच रामदासपेठेच्या ऑफिसात, व्हिडिओच्या पडद्यावरून. ती आदल्या दिवशी सुकट घेऊन आमच्याकडे उतरली आणि आईने नाकाला पदर लावून तिचं स्वागत केलं. मग आईने तिला ट्रकवर चढलेल्या गाठीची गोष्ट सांगितली आणि संध्याकाळपर्यंत दोघी खिदळत होत्या. सकाळी निघायची वेळ झाली. शेफालीदी दारात एकच चप्पल घालून थांबली. "बाई, उनके सामने नाम नहीं निकला तो? पचास साल में बाप का पूरा नाम मैंने जोर से नहीं लिया."

मी आत जाऊन करंडा आणला. तिने हात मागे घेतला, "मैं तो बिधवा." आई दारातून म्हणाली, "मीबी विधवाच आहो वं. तू घरातून जाऊन राहिली ना? मग!" मी तिच्या उजव्या अंगठ्याला हळदकुंकू लावलं. शेफालीदीने अंगठा उजेडात धरून पाहिला आणि तिला हसू फुटलं. "बाई, मेरे को रायपुर के ट्रक में मत चढ़ाना!"

ऑफिसात पडदा उजळला. पलीकडून शपथेसाठी हात वर करायला सांगितलं. तिने हात वर केला, तो पिवळा-लाल अंगठा सगळ्यांना दिसला, आणि मग तिने स्पष्ट, खणखणीत आवाजात वडिलांचं पूर्ण नाव घेतलं. मग एका भावाचं. मग दुसऱ्याचं. मी दाराशी उभी होते. निकाल कधी लागेल, काय लागेल, मला ठाऊक नाही. मनात म्हटलं, मारुतीराया, आमच्याकडून निघालं आहे. पुढचं तू बघ.