दत्तामामाची पांढरी गाडी

दत्तामामाशी बोलायचं तर त्याच्या पायांशी बोलावं लागे. उरलेला मामा येलहंकातल्या घरासमोर, विकत घेतलेल्या जुन्या पांढऱ्या मोटारीखाली असे. बँकेत कारकून, पण गॅरेजचं नाव काढलं की खालून आवाज यायचा, "मी उघडलंय, मीच बंद करणार!" वायपर त्यानंच दुरुस्त केले होते, हॉर्न दाबला की ते हलत.

सुट्टीत मी त्याची मदतनीस. समोरच्या गौडांची शैला माझ्याच इंग्रजी शाळेतली. ती गच्चीवर आली की मी सीटमध्ये खाली सरकायची. "मूग गिळलेस का गं? मोठ्यानं बोल स्वल्प!" मामा साऱ्या कन्नड गल्लीला ऐकू जाईल असं मराठीत ओरडायचा.

एका खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यानं ब्रेकचं तेल बदलायला काढलं. नळीत हवा शिरली. मी पेडल दाबायचं, त्यानं चाकाशी बसून हवा सोडायची. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. मग मामी बाहेर आली. "पुरे आता. पाने, हातोडी धुऊन द्या, पूजेला मांडायचंय." मांडलेल्या हत्यारांना दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत.

"मामा, पेडल अजून तळाला जातंय."

"बरं, सरी, दसऱ्याला बघू. उद्या पूजेच्या लिंबांवरून तर न्यायचीय फक्त."

मामी त्या गाडीत कधी बसली नव्हती. देवनहळ्ळीला माहेरी बसनंच जायची. "बसचा ड्रायव्हर निदान वर बसतो," म्हणायची. त्या सकाळी मात्र झेंडूची माळ घातलेल्या गाडीत ती नवी साडी नेसून बसली, आणि मामाला कुठे बघू नि कुठे नको असं झालं. कोहळा फोडला. चाकांखाली लिंबं फुटली, गल्लीनं टाळ्या वाजवल्या, आणि गाडी थांबलीच नाही. पुढे उतार होता. हँडब्रेक नावापुरताच. गौडांच्या नव्या, हार घातलेल्या स्कूटरला घेऊन ती त्यांच्या फाटकावर आदळली. मामीच्या कपाळावर कुंकू कुठलं नि रक्त कुठलं, कळेना.

"काय झालं, अण्णा?" गौडांनी कन्नडमध्ये विचारलं.

मामाच्या आधी मामीच बोलली. "माझा पदर अडकला गिअरच्या दांड्यात. त्यांचा हात सुटला."

लोक हळहळले. मामा स्कूटर उचलायला वाकला. शैला माझ्याकडे बघत होती, मी चपलांकडे.

दसऱ्याला त्यानं हत्यारांना हात लावला नाही. संध्याकाळी सोनं म्हणून बन्नीची पानं घेऊन मला ओढत गौडांकडे गेला. पानं घेत गौडा म्हणाले, "अक्कांना सांगा, पदर सांभाळा."

मामा तिथेच उभा राहिला. मग त्याच्या त्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "पदर नव्हता. ब्रेक मी उघडला होता. बंद केला नव्हता." शेजारच्या दोन दारांतून माणसं डोकावली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

घरी मामी कपाळावर पट्टी लावून दारात उभी होती. आवाज तिच्यापर्यंत आलाच होता.

"झालं समाधान? आता गल्लीत मी खोटारडी."

मामानं मान खाली घातली. ती वर करून तो मामीशी बोलल्याचं मला फारसं आठवत नाही.

गाडी कुणीतरी ओढून नेली. पुढे मामा असेपर्यंत दोघं देवनहळ्ळीला बसनंच जात. मी एकदा त्यांच्यामागे बसले होते. स्टॉप जवळ आला की मामाचा उजवा पाय नकळत बसच्या जमिनीवर जोरात दाबला जायचा. मामीला ते दिसायचं. ती खिडकीकडे तोंड फिरवायची.