सिंदीजवळच्या गावातला नकार

इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती, तरी आमच्या मिशनमध्ये गोरे पाद्री येतच होते. त्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाहून एक नवे साहेब आले. त्यांना मराठी येईना, म्हणून नागपूरच्या मिशन शाळेतल्या शिक्षिकेला, म्हणजे मला, दुभाषी म्हणून त्यांच्यासोबत वर्धा जिल्ह्यात धाडलं.

सिंदी स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. पुढं आम्ही रेंगीनं (हलक्या बैलगाडीनं) निघालो. नाल्यात चाक रुतलं, तेव्हा साहेबांनी बूट काढले, पँट दुमडली आणि गाडीवानासोबत चाकाला खांदा लावला. माणूस मला आवडला.

गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. जेवण मार्थाबाईंकडे होतं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी ताट संपवलं. मार्थाबाईंचा नवरा गेल्या पावसाळ्यात वारला होता. त्या कापूस वेचायला जात. त्यांची लहानगी सलोमी आईला चिकटून बसली होती.

हात धुतल्यावर साहेबांनी येण्याचं कारण सांगितलं. सलोमीला मद्रासकडच्या मिशनच्या आश्रमात न्यायचं आणि तिथंच वाढवायचं. मी मराठीत सांगताच मार्थाबाईंनी पोरीला जवळ ओढलं. साहेब समजावू लागले. त्यांच्या देशातही चर्च तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना असंच नेतं, शिकवतं, माणसांत आणतं.

"त्या मायांले कोणी इचारलं होतं का, बाई?" मार्थाबाईंनी मला विचारलं.

मी तो प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत केला. साहेब म्हणाले, "नाही. कायद्यानं तशी गरज नसते."

"अन् तिकडं ते चर्च हाये ती जमीन कोणाची होती?"

"त्या मूळ रहिवाशांचीच," साहेब म्हणाले.

"मंग साहेबाले सांगा, इथं इचारा लागते. अन् मी नाई म्हणते. प्रार्थना मी शिकवते तिले. शाळा सिंदीले हाये. माह्यी पोरगी मी देत नाई."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते माझ्याकडे वळले. "तिला कळलेलं दिसत नाही. पुन्हा नीट सांगा."

"त्यांना नीट कळलं आहे," मी म्हणाले. "पुन्हा सांगणार नाही."

ऊन उतरायच्या आत आम्ही निघालो. मार्थाबाई वेशीपर्यंत आल्या. "परत येजो, बाई," त्या म्हणाल्या. साहेबांनाही त्यांनी हात जोडले, पण पोरीचा हात सोडला नाही.

परतीच्या गाडीत साहेब खिडकीबाहेर बघत होते. बोरी स्टेशन गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती आहात. मग चर्चच्या बाजूनं का बोलला नाहीत?"

माझ्या मनात आलं, त्यांच्या देशात चर्च जमीन घेणाऱ्यांसोबत आलं. आमच्याकडे ते राज्य करणाऱ्यांसोबत आलं. राज्य करणारे गेले, पण आम्ही आमच्या चर्चमध्ये आहोतच. आता ते चर्च कोणाचं, हे साहेबांना सांगायला नागपूर येण्याची वाट कशाला बघायची?

"चर्चच्याच बाजूनं बोलले," मी म्हणाले. "मार्थाबाई ख्रिस्तीच आहेत."